मुरायची बिअर: घरी केलेली बार्लीवाइन बाटलीत भरण्यापासून वर्षभराने उघडेपर्यंत

बार्लीवाइनचा, म्हणजे मुरवायच्या स्ट्राँग बिअरचा, पहिला घाणा आंबून शांत झाला की नवख्या माणसाला वाटतं, अवघड काम झालं, आता बाटल्या भरायच्या आणि वाट बघायची. पण पाच टक्के अल्कोहोलची साधी बिअर भरणं वेगळं आणि साडेनऊ-दहा टक्क्यांची भरणं वेगळं. साधी बिअर दोन महिन्यांत पिऊन संपते, भरताना झालेली चूक चवीत उतरायच्या आत बाटली रिकामी होते. मुरवायच्या बिअरमध्ये तीच चूक वर्षभर झाकणाखाली बसून वाढत राहते.

लोणचं घालणाऱ्या घरात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. बरणी कोरडी ठणठणीत हवी, फोडींना पाण्याचा हात लागायला नको, वर तेलाचा तवंग हवा आणि दादरा घट्ट. घालायच्या दिवशी जे केलं, त्यावर पुढचं वर्ष ठरतं. बार्लीवाइनचंही तसंच आहे. मुरण्याने चांगली बिअर उत्तम होते, बिघडलेली बिअर सुधारत नाही. गरम खोलीत आंबवल्यामुळे घशाला जाळणारी बिअर दोन वर्षांनीही घसा जाळतेच. म्हणून हा लेख मुख्यतः भरण्याच्या दिवसाबद्दल आहे, मुरवण्याबद्दल त्या मानाने कमी.

मी इंग्लंडात डर्बीला राहते. बर्टन-अपॉन-ट्रेंट इथून वीसएक किलोमीटरवर. स्ट्राँग एल (एल हा इंग्लिश बिअरचा एक प्रकार) मुरवण्याची परंपरा त्या गावाने फार जपली. १९०२ साली राजा सातवा एडवर्ड बर्टनच्या बास ब्रुअरीत आला होता आणि त्याच्या हस्ते एका स्ट्राँग एलच्या मॅशिंगची, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याची, सुरुवात झाली. त्या ‘किंग्ज एल’च्या बाटल्या शंभर वर्षांनीही लोकांनी उघडून चाखल्या आहेत. आपली घरची बिअर शंभर वर्षं टिकवायची नाहीये, दोन-तीन वर्षं ती चांगली राहिली तरी खूप झालं. पण भरपूर अल्कोहोल, भक्कम काच, घट्ट बूच आणि थंड तळघर एवढ्यावर बिअर किती लांब जाऊ शकते, ते त्यावरून कळतं.

एक गोष्ट आधीच सांगते. इंग्लंडात १९६३पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात विनापरवाना दारू तयार करणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, स्वतःच्या घरी, स्वतःसाठी केली तरी. तेव्हा हे जिथे कायदेशीर आहे तिथल्या मराठी माणसांसाठी लिहिते आहे.

आधी आंबणं खरंच संपलं आहे का

आपण दहा लिटरचा घाणा धरून चालू. वर्टची (यीस्ट घालायच्या आधीच्या माल्टच्या गोड पाण्याची) सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०९८ होती आणि शेवटची १.०२६ आली. दोन्हींतला फरक ०.०७२, त्याला १३१.२५ने गुणलं की साधारण साडेनऊ टक्के अल्कोहोल येतं. बार्लीवाइनला हे अगदी शोभणारं आहे.

पण १.०२६ ही खरोखर शेवटची ग्रॅव्हिटी आहे, की यीस्ट वाटेत दमून बसलं आहे? स्ट्राँग बिअरमध्ये यीस्ट दमतंच. अल्कोहोल वाढत जातं, खाणं कमी होत जातं आणि त्यात घर थंड असलं की ते तळाशी जाऊन बसतं. ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर आज, आठवड्याने आणि दोन आठवड्यांनी तोच आकडा दाखवतो. याचा अर्थ आंबणं थांबलं आहे एवढाच. संपलं आहे असा नाही.

हा फरक मी फार वाईट रीतीने शिकले. माझी पहिली बार्लीवाइन जानेवारीत १.०३४वर थांबली. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच. मी साखर घालून बाटल्या भरल्या आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. जूनमध्ये घर तापलं, यीस्ट जागं झालं आणि एका रात्री कपाटातून दार आपटल्यासारखा आवाज आला. सकाळी उघडलं तर तीन बाटल्या फुटल्या होत्या. काचेचा बोटभर लांबीचा एक तुकडा शेजारच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात उभा रुतला होता आणि दुसऱ्याने दाराच्या आतल्या रंगावर खोल ओरखडा काढला होता. माझी मुलगी त्या कपाटातून रोज बूट काढायची.

हिशेब सोपा आहे. ग्रॅव्हिटी दोन पॉइंटने, म्हणजे ०.००२ने, उतरली की बिअरमध्ये साधारण एक व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरभर बिअरमध्ये लिटरभर वायू. मुरवायच्या बिअरला एकूण दोनच व्हॉल्यूम हवे असतात. १.०३४ची १.०२६ झाली म्हणजे आठ पॉइंट, म्हणजे चार व्हॉल्यूम, आणि हे वर घातलेल्या साखरेखेरीज. साध्या बिअरच्या बाटलीत तीन व्हॉल्यूमच्या पुढे जायची हिंमत करू नये.

म्हणून एक चाचणी न चुकता करा. वर्ट फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, घालून यीस्ट टाकलं, की त्याच दिवशी त्यातलं तीनशे मिलिलिटर वेगळ्या स्वच्छ बाटलीत काढा, त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट घाला, तोंडावर फॉइल सैल ठेवा, २५ अंशांच्या आसपास उबेत ठेवा आणि येता-जाता हलवत राहा. चार-सहा दिवसांत हा नमुना जितका खाली जाईल तितका जातो. तो १.०२५वर थांबला, तर तुमच्या मोठ्या घाण्याचा तळ तोच. मोठा घाणा त्याच्या एका-दोन पॉइंटमध्ये आला की भरायला हरकत नाही. सुरुवातीला नमुना काढायचा राहून गेला असेल तर आता काढा आणि त्यात ताजं यीस्ट टाका. नमुना खाली गेला नाही तर निश्चिंत व्हा. गेला, तर फर्मेंटर उबेत न्या, हलक्या हाताने यीस्ट ढवळून वर आणा आणि थांबा.

मोजताना नमुना दोन भांड्यांत वर-खाली ओतून वायू काढून टाका. बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटतात, त्याला उचलून धरतात आणि आकडा जास्त दिसतो. थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर या टप्प्यावर वापरू नका, अल्कोहोलमुळे तो चुकीचं सांगतो. आणि चाखलेला नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतायचा नाही, कधीच नाही.

काचेच्या कारबॉयमध्ये (मोठ्या भांड्यात) मुरवायची की बाटलीत

दोन्ही चालतं. मोठ्या भांड्यात तीन-चार महिने ठेवली तर सगळी बिअर एकसारखी मुरते, गाळ खाली बसतो, ओकचे तुकडे घालायचे तर तेही तिथेच जमतं. मात्र भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं, आणि गळ्यापर्यंत भरलेलं. प्लॅस्टिकच्या बादलीतून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो. तीन आठवड्यांच्या आंबवणीला त्याने फरक पडत नाही, सहा महिन्यांच्या मुक्कामाला पडतो. एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतलं) पाणी तेवढं बघत राहा. हिवाळ्यात हीटर चालू असला की ते महिनाभरात आटतं, आणि आटलेला एअरलॉक म्हणजे दादऱ्याला पडलेलं भोक.

पहिल्या घाण्याला माझं मत बाटलीच्या बाजूने आहे. आंबणं संपल्यावर दोन-तीन आठवडे गाळ बसू द्या आणि सरळ भरा. प्रत्येक वेळी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना हवा आत जाते, आणि नवख्या हातांनी ते एकदाच करावं लागलं तर बरं.

बाटल्या

३३० मिलिलिटरच्या, तपकिरी, जाड काचेच्या. तपकिरी यासाठी की उजेडाने हॉप्समधला (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांतला) कडूपणा मोडतो आणि बिअरला उग्र, कुबट वास येतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून तो उजेड सहज आत येतो. लहान यासाठी की साडेनऊ टक्क्यांची अर्ध्या लिटरची बाटली एका माणसाने एका बैठकीत संपवायची नसते, आणि जितक्या बाटल्या जास्त तितक्या वेळा चाखून बघता येतं. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या नकोत. बेल्जियन बिअरच्या रिकाम्या बाटल्या सर्वांत भक्कम, पण त्यांतल्या काहींना आणि युरोपातल्या शॅम्पेनच्या बाटल्यांना नेहमीचं २६ मिलिमीटरचं झाकण बसत नाही, २९चं लागतं आणि कॅपरची (झाकण दाबून बसवायच्या यंत्राची) घंटाही त्या मापाची लागते. भरायच्या आदल्या दिवशी प्रत्येक बाटलीवर एक झाकण नुसतं ठेवून बघा.

दहा लिटरला गाळ वजा जाता सत्तावीस-अठ्ठावीस बाटल्या होतात. बत्तीस धुऊन ठेवा. प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून तळ बघा. जुन्या गाळाचा करडा डाग दिसला तर ब्रशने घासा, नाही निघाला तर ती बाटली काचेच्या कचऱ्यात. तोंडाला टवका गेलेली बाटलीही तिथेच. मग न धुता वापरायचं सॅनिटायझर, फॉस्फोरिक आम्लाचं जे मिळतं ते, लिटरला दीड मिलिलिटर. राहिलेल्या फेसाला घाबरू नका, तो बिअरला काही करत नाही.

झाकणं प्राणवायू शोषणारी घ्या. थोडी महाग पडतात, पण वर्षभर ठेवायच्या बिअरसाठी हा पैसा वसूल होतो. ती ओली झाली की कामाला लागतात, तेव्हा तासभर भिजत घालू नका. लावायच्या क्षणी फवारा मारा आणि लावा.

ताजं यीस्ट आणि साखर

इथे बरेच जण अडकतात. बाटल्या भरल्या, दोन महिने थांबले आणि उघडल्यावर फुस्स सुद्धा नाही. साडेनऊ टक्के अल्कोहोलमध्ये महिना-दोन महिने राहिलेलं यीस्ट इतकं थकलेलं असतं की साखर दिली तरी त्याला ती खाववत नाही. म्हणून भरताना ताजं यीस्ट घालायचं. बाटलीत वायू भरण्यासाठीच विकलं जाणारं सीबीसी-१ किंवा शॅम्पेनचं ईसी-१११८, दोन्ही अल्कोहोल सोसतात. दोन्ही माल्टमधली माल्टोट्रायोज ही साखर खात नाहीत, त्यामुळे तुम्ही दिलेली साखर संपवतात आणि बिअरच्या अंगातल्या गोडव्याला सहसा हात लावत नाहीत. पण म्हणून वरची चाचणी टाळायची नाही.

दहा लिटरला एक ग्रॅम पुरतं, म्हणजे लहान चमच्याचा साधारण पाव भाग. तो अर्ध्या वाटी कोमट, आधी उकळून निवलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजू द्या. मग त्यात चमचा-चमचा बिअर घालत पाच-सात मिनिटांत वाटी भरा. कोरडं यीस्ट एकदम साडेनऊ टक्क्यांत टाकलं तर बरंचसं मरतं. सवय लावून घातलं तर टिकतं. इडलीच्या पिठाइतकंच हेही जिवंत आहे.

साखर किती? बिअरमध्ये आधीपासून थोडा वायू विरलेला असतोच. आंबणं संपल्यावर ती जास्तीत जास्त २० अंशांना राहिली असेल तर साधारण ०.८५ व्हॉल्यूम. आपल्याला दोन हवेत. उरलेल्या साधारण १.१५ व्हॉल्यूमसाठी साधी पांढरी साखर लिटरला सव्वाचार ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला सुमारे ४२ ग्रॅम. डेक्स्ट्रोज असेल तर दहा टक्के वाढवा. हे वजन वजनकाट्यावर करायचं, चमच्याने नाही. बार्लीवाइनला खूप वायू शोभत नाही, तिचं अंग जड आणि मऊ असतं. शंका असेल तेव्हा साखर कमीच घाला. आणि बादलीत प्रत्यक्ष जेवढी बिअर आली आहे तेवढ्याच लिटरांचा हिशेब करा. दहाचं गणित करून साडेआठ लिटर भरली की सगळं बिनसतं.

भरायचा दिवस

साखर कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, झाकून निववा, भरायच्या बादलीच्या तळाशी ओता. फर्मेंटर आदल्या रात्रीच ओट्यावर उचलून ठेवलेला असू द्या, म्हणजे हललेला गाळ खाली बसतो. सायफनची नळी बादलीच्या तळाला टेकलेली, गोल फिरवून ठेवलेली. बिअर पाण्यात साखर विरघळावी तशी शांतपणे, आवाज न करता साखरेवर चढली पाहिजे. खळखळ ऐकू आली म्हणजे नळी वर आली आहे किंवा जोडातून हवा ओढते आहे. थांबा आणि नीट करा. बिअर अर्धी आली की यीस्टची वाटी ओता. सगळी आल्यावर निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने तळापासून वर, हळू, दहा-बारा वेळा फिरवा. हे ढवळणं टाळलं तर काही बाटल्या बेचव आणि काही उधळणाऱ्या होतात.

बादलीच्या तोटीला भरायची कांडी लावा, जिच्या टोकाला स्प्रिंगची झडप असते. ती बाटलीच्या तळाला टेकवली की बिअर खालून वर चढते. काठापर्यंत भरा, कांडी बाहेर काढा. तिने व्यापलेली जागा मोकळी होते आणि वर दोन-अडीच सेंटीमीटर उरतात. तेवढेच हवेत. त्यावर फेसाचा पातळ थर आला असेल तर सोन्याहून पिवळं, त्या फेसावरच झाकण ठेवून दाबा, म्हणजे हवा बाहेर राहते. फेस नसेल तर बाटलीला बोटाने दोन टिचक्या मारा. एक जण भरणारा आणि एक झाकण लावणारा असेल तर उत्तम. माझ्याकडे नवरा कॅपर धरतो आणि मी भरते, अठ्ठावीस बाटल्या पाऊण तासात होतात. भरलेली बाटली उघडी ठेवून चहा प्यायला जाऊ नका.

थोडी बिअर सोड्याच्या लहान प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. तिला पिळून हवा बाहेर काढून झाकण लावा. पुढचे काही आठवडे ही तुमची नाडीपरीक्षा. अंगठ्याने दाबायची: मऊ असेपर्यंत काचेच्या बाटल्यांतही वायू कमी, घट्ट झाली की तयार, आणि दगडासारखी झाली की काहीतरी चुकलं आहे.

झाकणावर कायमच्या शाईने घाण्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. वहीत सुरुवातीची-शेवटची ग्रॅव्हिटी, साखर, यीस्ट, बाटल्यांची संख्या.

पहिले दोन महिने उबेत

१८ ते २१ अंश, अंधार, बाटल्या उभ्या. झाकण असलेल्या जाड प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवा, नुसत्या शेल्फवर नाही. कारण वर सांगितलंच आहे. साधी बिअर दोन आठवड्यांत तयार होते, हिला सहा आठवडे सहज लागतात, कधी तीन महिने.

आठ आठवड्यांनीही प्लॅस्टिकची बाटली मऊच असेल, तर सगळ्या बाटल्या एकेकदा उलट्या करून गाळ हलवा आणि २२ अंशांच्या जागी आणखी तीन आठवडे ठेवा. तरीही काही नाही झालं तरच झाकणं काढून ड्रॉपरने भिजवलेल्या यीस्टचे चार-पाच थेंब प्रत्येक बाटलीत घालून नवी झाकणं लावा. याउलट बाटली दगडासारखी झाली असेल, तर डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे घालून खोकंच्या खोकं फ्रिजमध्ये हलवा, दोन दिवस गार करा, मग एकेक झाकण किंचित उचलून वायू सोडा आणि नवं झाकण लावा. एखादी बाटली फुटली असेल तर खोक्याला हात लावायच्या आधी चोवीस तास जाऊ द्या.

मग थंडीत

वायू नीट भरल्याची खात्री झाली की बाटल्या १० ते १३ अंशांना न्या. आमच्या जुन्या विटांच्या घराला कोळशाचं तळघर आहे, ते बारा महिने थंड असतं. तळघर नसेल तर उत्तरेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा तळ बघा. माळा, गॅरेज आणि फ्रिजची वरची बाजू या तिन्ही जागा वाईट. तिथे दिवसाचं आणि रात्रीचं तापमान फार बदलतं. टेक्सास किंवा सिडनीसारख्या ठिकाणी राहत असाल तर जुना वाइन फ्रिज घ्या. तेही शक्य नसेल आणि खोली कायम चोवीस-पंचवीस अंशांना असेल, तर वर्षाच्या आत संपवा. उष्णतेने मुरणं नुसतं लवकर होत नाही, वेगळं होतं. पुठ्ठ्यासारखी शिळी चव आधी येते.

बाटल्या उभ्याच. वाइनसारख्या आडव्या ठेवल्या तर गाळ कडेला पसरतो आणि ओतताना सगळा पेल्यात येतो. वर मेण लावायची हौस असेल तर या टप्प्यावर लावा, वायूची खात्री व्हायच्या आधी नाही.

आता चाखण्याचं वेळापत्रक: दोन महिने, सहा महिने, वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षं. दर खेपेला एकच बाटली, वहीत चार ओळी. दोन महिन्यांना अल्कोहोल टोचतं, कडूपणा पुढे असतो आणि सगळं सुटं-सुटं लागतं. सहा महिन्यांना हॉप्सचा वास मागे पडतो. वर्षाने माझ्या बार्लीवाइनमध्ये काकवीचा वास आला, ताज्या गुळाच्या कढईभोवती असतो तसा, आणि मागून मनुका, खजूर. शेरीसारखी किंचित खारट-सुकी झाक येऊ लागते ती आत राहिलेल्या थोड्याशा प्राणवायूमुळे. जराशी असेल तर ती या बिअरला खुलवते. ओला पुठ्ठा, सोया सॉस किंवा नेलपॉलिश रिमूव्हर आठवला तर मात्र अनुक्रमे हवा, मेलेलं यीस्ट आणि आंबवणीतली गडबड. यातलं काहीही थांबून जात नाही, पुठ्ठा आणि सोया सॉस तर वाढत जातात; तो घाणा लवकर पिऊन टाका आणि वहीत कारण लिहा.

प्रत्येक बिअर मुरवू नये हेही सांगायला हवं. आठ टक्क्यांच्या खालची, गव्हाची, किंवा हॉप्सच्या ताज्या वासावर उभी असलेली डबल आयपीए ताजीच प्यायची. इम्पीरियल स्टाउट ही काळी, स्ट्राँग बिअर छान मुरते, पण तिच्यात कॉफी घातली असेल तर कॉफीचा वास आधी जातो.

उघडायच्या दिवशी बाटली फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर राहू द्या, १२ अंशांच्या आसपास तिचा वास मोकळा होतो. आदल्या दिवसापासून उभी असू द्या. लहान, आत वळलेल्या तोंडाचा पेला घ्या, एकाच धारेत सावकाश ओता आणि गाळाची करडी रेघ बाटलीच्या खांद्याशी आली की थांबा. खालचा बोटभर भाग सोडून द्यायचा. रिकामी बाटली तिथल्या तिथे तीन वेळा गरम पाण्याने विसळा आणि उलटी करून ठेवा. गाळ वाळला की तो घासून काढायला पुढच्या घाण्याच्या वेळी तासभर जातो.